विश्लेषण : नेमक्या छिद्रांची रासायनिक चाळण… ‘सीओएफ’ मेम्ब्रेनमुळे रंगाच्या सांडपाण्याचा प्रश्न सुटेल का?

कापड रंगवणाऱ्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात रंग असतो आणि भरपूर मीठही असते. त्यातला रंग अडवून मीठ पुढे जाऊ देता आले, तर पाणी आणि मीठ दोन्ही पुन्हा वापरता येतात. दिसायला सोपे असलेले हे काम मोठ्या प्रमाणावर आणि परवडेल अशा खर्चात करणे अजून अवघड आहे. त्यासाठी जगभरातील प्रयोगशाळांचे लक्ष ‘कोव्हॅलंट ऑर्गॅनिक फ्रेमवर्क’ म्हणजेच ‘सीओएफ’ या सच्छिद्र स्फटिकी पदार्थांकडे लागले आहे. या पदार्थांचे जनक ओमर यागी हे २०२५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी आहेत, आणि हे पदार्थ पाण्यात टिकाऊ करण्याचा एक निर्णायक टप्पा पुण्यात गाठला गेला. तरीही सांडपाणी प्रकल्पांत ही मेम्ब्रेन सर्रास दिसत नाहीत. असे का?

पदार्थ वेगळे करणे एवढे महाग का?

रासायनिक उद्योगात नवा पदार्थ बनवण्याइतकेच, किंबहुना अनेकदा त्याहून जास्त कष्ट तो मिश्रणातून वेगळा करण्यात जातात. कच्च्या तेलातून पेट्रोल, द्रावकातून औषध, सांडपाण्यातून पाणी वेगळे करावे लागते. यासाठीची सर्वात रुळलेली पद्धत म्हणजे ऊर्ध्वपातन. मिश्रण तापवायचे, जे आधी उकळते त्याची वाफ वेगळी काढायची आणि ती पुन्हा थंड करायची. या पद्धतीत पदार्थाची अवस्था बदलावी लागते आणि तिथेच इंधन जळते.

अमेरिकेतील जॉर्जिया टेकचे डेव्हिड शॉल आणि रायन लाइव्हली यांनी २०१६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात या खर्चाचा हिशेब मांडला होता. त्यांच्या अंदाजानुसार ऊर्ध्वपातनासारख्या विलगीकरण प्रक्रियांवर जगातील एकूण ऊर्जेपैकी १० ते १५ टक्के ऊर्जा खर्च होते. हेच काम मेम्ब्रेनने केले, तर ९० टक्क्यांपर्यंत कमी ऊर्जा लागू शकते, असेही त्यांनी म्हटले होते. कारण मेम्ब्रेनला काही उकळावे लागत नाही. दाब दिला की एक घटक पडद्यातून पलीकडे जातो आणि दुसरा अलीकडे राहतो.

मग आजच्या मेम्ब्रेनमध्ये उणीव कोणती?

घरातील आरओ यंत्रात जे मेम्ब्रेन असते, त्याचा कार्यकारी थर पॉलिअमाइड या पॉलिमरचा असतो. १९७० च्या दशकात जॉन कॅडॉट यांनी विकसित केलेली ही पद्धत आजही जगभरातील आरओ उद्योगाचा आधार आहे. पण या पडद्यात चाळणीसारखी ठरावीक भोके नसतात. पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्या गुंत्यातील लहानमोठ्या, सतत बदलणाऱ्या पोकळ्यांमधून पाणी वाट काढते.

यातून मेम्ब्रेन विज्ञानातील जुनी अडचण उद्भवते. गुंता सैल केला की प्रवाह वाढतो, पण नको ते रेणूही निसटतात. गुंता घट्ट केला की गाळणे चांगले होते, पण प्रवाह मंदावतो. वायू वेगळे करणाऱ्या पॉलिमरसाठी लॉइड रोबसन यांनी १९९१ मध्ये ही मर्यादा आलेखावर मांडली आणि २००८ मध्ये ती सुधारली. पॉलिमरची रचना विस्कळीत आहे तोवर ही ओढाताण राहणारच. सगळी छिद्रे एकाच मापाची असतील तर मात्र गणित बदलू शकते.

सीओएफ म्हणजे काय? नोबेलशी त्यांचे नाते कोणते?

२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल क्योटो विद्यापीठाचे सुसुमु कितागावा, मेलबर्न विद्यापीठाचे रिचर्ड रॉबसन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील ओमर यागी यांना ‘मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क’ म्हणजेच ‘एमओएफ’साठी मिळाले. एमओएफमध्ये धातूचे अणू कोपऱ्यांवर असतात आणि कार्बनी रेणू त्यांना जोडणाऱ्या कांबींचे काम करतात. त्यातून आत मोकळी जागा असलेला स्फटिक उभा राहतो. अशा काही ग्रॅम पदार्थाच्या आतील पृष्ठभाग फुटबॉलच्या मैदानाएवढा भरू शकतो.

सीओएफ हे याच कुळातले धाकटे भावंड. यागी, एड्रियन कोटे आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पहिले सीओएफ जगासमोर आणले. यात धातू नसतो. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, बोरॉन अशा हलक्या मूलद्रव्यांचेच सांगाडे असतात आणि ते सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या भागीदारीतून तयार होणाऱ्या मजबूत बंधांनी जोडलेले असतात. नावातील ‘ऑर्गॅनिक’चा सेंद्रिय शेतीशी संबंध नाही. कार्बनी संयुगे एवढाच त्याचा अर्थ.

अनेक सीओएफची रचना मधमाशांच्या पोळ्यासारखी असते. तीन हातांचा एक रेणू आणि दोन हातांचा दुसरा रेणू घेतला की त्यांच्या जोडणीतून षट्कोनी घरांचा एक सपाट थर तयार होतो. असे थर एकावर एक बसले की घरांच्या जागी आरपार नळ्या तयार होतात. दोन हातांचा रेणू लांब घेतला तर छिद्र मोठे, आखूड घेतला तर लहान. छिद्राचे माप असे आधीच ठरवता येणे हीच या पदार्थांची खरी मातब्बरी. बहुतेक सीओएफची छिद्रे एक ते चार नॅनोमीटरच्या दरम्यान असतात. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून या मापाची कल्पना यावी.

पुण्यात काय घडले?

पहिल्या सीओएफमध्ये एक मोठा दोष होता. पाण्याचा संपर्क आला की ते मोडत. हा दोष त्यांच्या जन्मातच होता. स्फटिक सुबक घडायचा तर रेणूंना चुकीची जोडणी सोडून पुन्हा नीट जोडता आले पाहिजे, म्हणजे बंध उलटे फिरणारे हवेत. पण जो बंध सहज सुटतो, तो पाण्यातही सुटतो. घट्ट बंध वापरावेत तर रेणू पहिल्याच चुकीच्या जागी अडकतात आणि स्फटिकाऐवजी बेशिस्त गुंता तयार होतो. स्फटिक हवा की टिकाऊपणा, असा हा पेच होता.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये त्यावर मार्ग काढला. शिंपी आधी कच्चा टाका घालतो, माप जुळले की मग मशीनवर पक्की शिलाई मारतो. तसाच हा प्रकार. पहिल्या टप्प्यात उलट फिरू शकणाऱ्या बंधांनी स्फटिक घडू दिला. दुसऱ्या टप्प्यात त्याच बंधांची अंतर्गत फेररचना होऊन ते कायमचे पक्के झाले. अशा रीतीने बनलेले पदार्थ उकळत्या पाण्यात आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात टिकले. त्यातील एक तर तीव्र अल्कलीतही टिकला. सीओएफचे मेम्ब्रेन बनवून त्यातून पाणी सोडण्याचा विचार त्यानंतरच व्यवहार्य वाटू लागला. बॅनर्जी पुढे कोलकात्याच्या आयसरमध्ये गेले आणि २०१८ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

भुकटीचा पडदा कसा होतो?

टिकाऊपणाचा प्रश्न सुटला, तरी सीओएफ तयार होत ते भुकटीच्या रूपात. ही भुकटी कशात विरघळत नाही आणि तापवल्यावर वितळतही नाही. त्यामुळे प्लास्टिकसारखा तिचा पातळ थर ओतता येत नाही. पडद्याच्या आकारातच पदार्थ घडवणे हा एकच मार्ग उरतो.

२०१७ मध्ये पुण्याच्या याच गटाने त्याच्या काही पद्धती दाखवल्या. एका पद्धतीत कच्चा माल, आम्ल आणि थोडे पाणी एकत्र करून कणकेसारखा गोळा मळला जातो, तो काचेवर पसरून भाजला जातो आणि नंतर आम्ल धुऊन काढले जाते. मागे राहतो तो सच्छिद्र पडदा. माती मळून वीट भाजण्याशी असलेल्या साधर्म्यामुळे अशाच एका प्रक्रियेला संशोधकांनी ‘ऑर्गॅनिक टेराकोटा’ असे नाव दिले. दुसऱ्या पद्धतीत एक घटक पाण्यात आणि दुसरा पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात घेतात. दोन्ही द्रव जिथे भेटतात त्या सीमेवर अतिशय पातळ पापुद्रा धरतो. आरओचे पॉलिअमाइडही याच तत्त्वाने बनते. फरक वेळेचा आहे. कारखान्यात पॉलिअमाइडचा थर धावत्या पट्ट्यावर काही सेकंदांत तयार होतो, तर सीमेवरचा सुबक स्फटिकी पापुद्रा घडायला बराच वेळ द्यावा लागतो.

यातून समुद्राचे पाणी गोडे होईल का?

नव्या मेम्ब्रेनची बातमी आली की समुद्राच्या पाण्याचा उल्लेख हमखास येतो. सीओएफच्या बाबतीत ही अपेक्षा सध्या तरी जपूनच ठेवायला हवी. पाण्याचा रेणू सुमारे ०.२८ नॅनोमीटरचा असतो. पाण्यात सोडियमचा आयन आपल्याभोवती पाण्याच्या रेणूंचे कडे घेऊन फिरतो, तरीही त्याचा व्यास जेमतेम ०.७ नॅनोमीटर भरतो. एक-दोन नॅनोमीटरच्या छिद्रातून तो सहज निसटतो. छिद्रांच्या भिंतींवर जादा रेणू चिकटवून किंवा थर एकमेकांवर थोडे सरकवून वाट अरुंद करण्याचे प्रयोग सुरू आहेत, पण मुळात सीओएफचे हे घरचे मैदान नाही.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. समुद्राच्या पाण्यातून निम्मे पाणी गोडे करून घ्यायचे, तर निसर्गनियमानुसार घनमीटरमागे किमान सुमारे १.०६ युनिट वीज लागतेच. आजचे चांगले प्रकल्प आधीची व नंतरची सर्व प्रक्रिया धरून तीन ते चार युनिटांत हे काम करतात. मेम्ब्रेन कितीही सुधारले तरी खालची मर्यादा हलत नाही. त्यामुळे या क्षेत्रात वीजबचतीला वाव मर्यादितच आहे.

मग खरा उपयोग कुठे?

पहिले ठिकाण म्हणजे कापडउद्योगाचे सांडपाणी. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवताना रंगाने पाणी सोडून धाग्याकडे जावे म्हणून भरपूर मीठ घालतात. गडद छटेसाठी हे प्रमाण लिटरमागे ५० ग्रॅमच्या वर जाते. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ३५ ग्रॅम असते. यातले मीठ कापडावर राहत नाही. ते सगळे सांडपाण्यात उतरते.

त्याचे परिणाम तमिळनाडूतील तिरुपूरने भोगले आहेत. नोय्यल नदी आणि तिच्यावरील ओरतुपाळयम धरण रंगाई कारखान्यांच्या खारट सांडपाण्याने शेतीसाठी निकामी झाले. शेतकऱ्यांचा लढा न्यायालयात गेला आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. एका बाजूला शेती होती, दुसऱ्या बाजूला हजारोंचा रोजगार. त्यातून ‘शून्य द्रव विसर्ग’ ही व्यवस्था तिरुपूरमध्ये रुजली. म्हणजे आरओने शक्य तेवढे पाणी परत मिळवायचे आणि उरलेले घट्ट, खारट पाणी आटवून टाकायचे. हे आटवणे फार इंधनखाऊ असते. महाराष्ट्रात इचलकरंजीच्या कापडउद्योगापुढेही सांडपाण्याचा प्रश्न आहे. पंचगंगेच्या प्रदूषणात शहरांच्या मैलापाण्याचा वाटा असला, तरी रंगाईच्या पाण्यावरून होणारी आंदोलने तिथे नवीन नाहीत.

येथे सीओएफची छिद्रे नेमकी कामाला येतात. रंगाचे रेणू मोठे असतात. प्रयोगशाळेत चाचणीसाठी वापरला जाणारा कॉंगो रेड हा रंग सुमारे अडीच नॅनोमीटर लांब असतो. एक-दीड नॅनोमीटरच्या छिद्रात तो अडतो आणि मीठ मात्र पुढे जाते. रंग मागे राहिला की खारट पाणी पुढच्या रंगाईसाठी परत वापरता येते, आणि आटवायचे पाणी कमी होते. आजची नॅनोफिल्ट्रेशन मेम्ब्रेनही हे काम काही प्रमाणात करतात, पण त्यांची छिद्रे सारखी नसल्याने थोडा रंग निसटतो आणि थोडे मीठ अडते.

दुसरे ठिकाण औषधउद्योग. औषधाचा मूळ घटक बनवताना त्याच्या वजनाच्या कितीतरी पट द्रावक वापरले जाते आणि ते परत मिळवण्यासाठी ऊर्ध्वपातन करावे लागते. साधी पॉलिमर मेम्ब्रेन अनेक द्रावकांत फुगतात किंवा विरघळतात. सीओएफचा सांगाडा सहसंयुज बंधांनी सर्व बाजूंनी बांधलेला असल्याने तो तग धरतो.

तिसरे क्षेत्र वायूंचे. येथे चित्र मिश्र आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ०.३३ नॅनोमीटरचा, तर नायट्रोजनचा ०.३६४ नॅनोमीटरचा. एवढा बारीक फरक सीओएफचे मोठे छिद्र ओळखू शकत नाही. म्हणून कार्बन डायऑक्साइडला आकर्षित करणारे गट छिद्रात बसवणे किंवा सीओएफची भुकटी पॉलिमरमध्ये मिसळणे हे मार्ग चोखाळले जातात. दुसऱ्या मार्गावरही एनसीएलमध्ये काम झाले आहे. २०२४ मध्ये चर्चेत आलेले यागी यांचे ‘सीओएफ-९९९’ हे मात्र मेम्ब्रेन नव्हे. हवेतील कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणारा आणि तापवल्यावर सोडणारा तो शोषक आहे. बातम्यांत या दोन गोष्टींची अनेकदा गल्लत होते.

प्रयोगशाळेतील आकडे कितपत ग्राह्य?

‘९९ टक्के रंग अडवला’ अशा निष्कर्षांचे निबंध या विषयात मुबलक आहेत. ते वाचताना तीन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, चाचणी कोणत्या पाण्यावर झाली? बहुतेकदा स्वच्छ पाण्यात एकच रंग अत्यल्प प्रमाणात घातलेला असतो. कारखान्याचे पाणी गरम, अल्कधर्मी असते आणि त्यात अनेक रंग, साबण, धाग्यांचा चुरा असे सर्व काही असते.

दुसरी गोष्ट, रंग खरोखर गाळला गेला की चिकटला? सच्छिद्र पदार्थाच्या आतील पृष्ठभाग प्रचंड असल्याने सुरुवातीला रंग तिथे शोषला जातो आणि पलीकडे स्वच्छ पाणी येते. हा पृष्ठभाग भरला की खरी क्षमता कळते. दोन-चार तासांच्या चाचणीत ते दिसत नाही. तिसरी गोष्ट, पडदा किती स्फटिकी होता? भुकटी उत्तम स्फटिकी असली तरी पातळ पापुद्र्यात लहान स्फटिकांच्या सांध्यांमध्ये फटी राहू शकतात. नेमकी छिद्रे हाच सीओएफचा दावा असेल, तर एखादी मोठी फट सगळे गणित बिघडवते. पाणी नेहमी सोपी वाट धरते.

कारखान्यापर्यंतचे अंतर किती?

आकारातला फरकच बोलका आहे. प्रयोगशाळेतील चाचणीचा तुकडा अनेकदा काही चौरस सेंटिमीटरचा असतो. उद्योगात वापरल्या जाणाऱ्या आठ इंची आरओच्या एका नळकांड्यात सुमारे ३७ चौरस मीटर, म्हणजे मुंबईतल्या छोट्या वन-बीएचके घराएवढे मेम्ब्रेन गुंडाळलेले असते. दहा चौरस सेंटिमीटरच्या तुकड्याच्या ते ३७ हजार पट भरते. मोठ्या प्रकल्पात अशी हजारो नळकांडी लागतात. एवढा पडदा एकही भोक न पडता, वाकवून, गुंडाळून, दाबाखाली वर्षानुवर्षे चालायला हवा. शिवाय सीओएफसाठी लागणारे घटक आरओच्या कच्च्या मालासारखे टनावारी आणि स्वस्तात मिळत नाहीत.

हे अशक्य आहे असे नव्हे. एमओएफबद्दलही एकेकाळी हेच म्हटले जाई. बीएएसएफ या जर्मन कंपनीने २०२३ मध्ये कॅनडातील स्वांते कंपनीसाठी कार्बन शोषणाऱ्या एमओएफचे वर्षाला शेकडो टनांच्या पातळीवरील उत्पादन जाहीर केले. मात्र तो शोषक आहे.  मेम्ब्रेनला सलग, निर्दोष पृष्ठभाग लागतो, म्हणून ही चढण अधिक उभी आहे. सीओएफ प्रथम बाजारात आले तर ते कदाचित स्वतंत्र पडद्याच्या रूपात नसेल, तर नेहमीच्या पॉलिमरमध्ये मिसळलेल्या किंवा त्यावर दिलेल्या पातळ थराच्या रूपात असेल.

भारतासाठी यात काय?

टिकाऊ सीओएफचा महत्त्वाचा टप्पा भारतीय प्रयोगशाळेत गाठला गेला. भावनगरची सीएसएमसीआरआय आणि मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्याकडे आरओ मेम्ब्रेन बनवण्याचा अनेक दशकांचा अनुभव आहे. रंगाई आणि औषधनिर्मिती हे दोन्ही मोठे उद्योग देशात आहेत, त्यांच्या सांडपाण्याचा प्रश्नही देशातच आहे. दुसरीकडे चीनमधील त्यानजिन विद्यापीठ आणि सौदी अरेबियातील ‘काउस्ट’ यांसारख्या संस्था सीओएफ मेम्ब्रेनवर जोमाने काम करत आहेत. आरओ मेम्ब्रेन बनवण्याच्या इतिहासात श्रीनिवास सौरीराजन या भारतीय वंशाच्या संशोधकाचे नाव अग्रभागी आहे, पण ते काम लॉस एंजेलिसमध्ये झाले आणि व्यवसायही आधी अमेरिकेतच वाढला.

त्यामुळे या पदार्थांची कसोटी आणखी एका निबंधात लागणार नाही. एखाद्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, खऱ्या रंगाच्या पाण्यावर, काही चौरस मीटरचा पडदा सलग सहा महिने चालवून दाखवावा लागेल. किती रंग अडला, किती मीठ पुढे गेले, किती वेळा धुवावे लागले आणि घनमीटरमागे किती खर्च आला, हे चार आकडे समोर आले तरच कारखानदार त्याकडे वळतील. तोवर खारट पाणी आटवण्यासाठी इंधन जाळायचे किंवा ते गुपचूप ओढ्यात सोडायचे, हेच दोन पर्याय त्यांच्यापुढे राहतील, आणि दुसऱ्याची किंमत नदीकाठच्या गावांना मोजावी लागेल.